प्रभुभोजनाआधीची माफी

आमच्या डोंगरकडा गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक माणूस आहे. तो गिऱ्हाइकाला आधी शिवी देतो, मग चहा पाजतो. आठवडाभर भांडतो. रविवारी आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये पाळकांनी येशूच्या आठवणीत वाटायची प्रभुभोजनाची भाकर हातात घेतली, की हा उठतो. ज्याच्यावर तापला असेल त्याची माफी मागतो, मगच भाकर घेतो. एकदा तर माफी मागायला शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत सायकल हाणत गेला आणि अख्खी मंडळी थांबून राहिली. मला हसू यायचं. मी घरातला पहिला पदवीधर. माफी मनातल्या मनातही मागता येते, असं माझं मत.

मागच्या मंगळवारी त्यानेच दुरुस्त केलेली आमची मोटार जळाली. विहिरीत पाणी नसताना मीच ती चालू ठेवली होती. तरी त्याला म्हणालो, "तुमचं वायंडिंगच कच्चं." त्याने चारचौघांत मला शिवी हासडली.

रविवारी तो उठून थेट माझ्यापुढे आला. "भाऊ, तोंड सुटलं माझं. माफ करा."

'केलं माफ' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण सगळे बघत असताना मी म्हणालो, "मोटार मीच कोरडी चालवली. खोटं बोललो."

"व्हय, उघडल्याबराबर दिसलं मला," तो हसला. "नाहीतर शिवी काहून दिली असती? माफ तर मी तवाच केलं तुमाला. आता सरका, भाकर येऊन राहिली."

मी सरकलो. कॉलेजपासून सगळं मी कष्टाने मिळवलं, त्याचा मला अभिमान आहे. ती भाकर तेवढी फुकट मिळाली.