दिवेलागणीची हाक

माझा कुणावरच पटकन विश्वास बसत नाही. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, आणि लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा सासूवर तर मुळीच नव्हता. त्यांचाही माझ्यावर नव्हता, म्हणजे फिटंफाट. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. गावठाणात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घरात माणसं तीनच: आत्याबाई, मी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे.

पन्नासच्या दशकातले दिवस. पिंपरीकडे नवेनवे कारखाने निघत होते. त्यातल्या एकात ह्यांना काम लागलं होतं, पण अजून कायम केलं नव्हतं. काम काय, तर रात्रभर एका मोठ्या टाकीवरच्या काट्याकडे बघत बसायचं आणि काटा लाल रेघेकडे सरकला की झडप सोडायची. गावात तेव्हा रात्रपाळी ही भानगडच कुणाला ठाऊक नव्हती. धडधाकट माणूस दिवसा पांघरूण घेऊन पडलेला दिसला की बायका विचारायच्या, "आजारी हायेत का गं? का काम सुटलं?" एकीनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "रातचं खरंच कामावर जातोय का, बघ बाई जरा." मी तिला चांगली झापली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे आल्यावर गुपचूप ह्यांच्या सदऱ्याचा वास घेतला. तेलाचा आणि घामाचा होता.

खरी अडचण वेगळीच होती. ह्यांना झोप येत नव्हती. सकाळी येऊन, अंघोळ करून, भाकरी खाऊन आडवे व्हायचे आणि तळमळत पडायचे. बाहेर पोरांचा दंगा, समोर लोहाराची ठाकठूक, पत्र्यावर ऊन. दुपार कलल्यावर कुठे डोळा लागायचा आणि दिवेलागणीला बघावं तर उठून बसलेले, डोळे लालभडक. तसेच जेवून सायकल काढायचे. एका पाळीला काट्यासमोरच मान कलली. साहेबानं खांदा धरून हलवलं आणि बजावलं, पुन्हा झोपलेला दिसलास तर घरी बसायचं.

"काम गेलं तर गेलं," हे मला म्हणाले, "पण काटा वर गेला असता तर? खाली माणसं असतात गं."

स्टेशनाजवळ एका तरुण डॉक्टरनं नुकताच दवाखाना थाटला होता. मी ह्यांच्याबरोबर गेले, कारण हे एकटे गेले असते तर निम्मं सांगितलंच नसतं. डॉक्टरचे कुणी गुरू पुण्यात झोपेच्या औषधांचा अभ्यास करत होते. एक नवी गोळी निघाली होती, ती कुणाला लागू पडते नि कुणाला नाही, हे बघणं चाललं होतं. त्यानं पुडी बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. झालं! माझं डोकंच सटकलं. फुकट?

"बघणं चाललंय म्हणजे? आमच्यावर बघणार होय?" मी विचारलं.

तो हसला. "वहिनी, जपूनच देतोय. आणि काय होतंय ते मला येऊन सांगायचं." मग त्यानं ह्यांना खोदून खोदून विचारलं. चहा किती, डोकं दुखतं का, कसली काळजी आहे. शेवटी म्हणाला, "झोपेतून कुणी उठवतं का?"

"छे, कुणी नाही," हे म्हणाले. मीही मान हलवली.

आम्ही खोटं बोललो नव्हतो हो. तिन्हीसांजेला घरात कुणी झोपलेलं आमच्यात चालत नाही, ती लक्ष्मी यायची वेळ. आत्याबाई देवापुढे दिवा लावायच्या आणि आतल्या खोलीच्या दारात येऊन हाक मारायच्या, "ऊठ रं बाळा, दिवा लागला." रोज. ह्याला झोपेतून उठवणं असं कोण म्हणतं? सूर्य मावळायचा आणि आत्याबाई हाक मारायच्या. डॉक्टरला सांगण्यासारखं त्यात काही आहे, हे आम्हा दोघांच्या मनातही आलं नाही.

गोळीनं दुपारी झोप लागायला लागली खरी. पण तिन्हीसांजेला हाक आली की हे दारू प्यायल्यागत उठायचे. एकदा दाराच्या चौकटीवरच आपटले. सायकलवर टांग टाकून निघाले की मी वळणापर्यंत बघत उभी राहायचे. मला वाटे, ह्या गोळीतच काहीतरी पाणी मुरतंय. आत्याबाईंचा संशय गोळीवर होता आणि माझ्यावरही. शेजारणीला म्हणाल्या, "हिनंच आनल्यात गोळ्या. पोराला गुंगी घालती." आणि माझा संशय त्यांच्यावर. हाक मारून गप निघून जावं की नाही? नाही! हे उठून बसेपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. मी मनात म्हणायचे, कळतंय हो मला, माझ्याशी दोन शब्द बोलायच्या आधी लेकाला आपल्याकडे ओढायचं. भारी चिडायचे मी.

एका दुपारी पुडी सापडेना. फळीवर नाही, डब्यात नाही. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत?" आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, टाकली नदीत. हे गोळीशिवायच पडून राहिले आणि मी दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणीत ही गर्दी. परत आले तेव्हा तिन्हीसांज होऊन गेली होती, आणि घरात दिवा नव्हता.

मी दळण दारातच टाकलं. आत्याबाई ओसरीवर आडव्या, तोंड उघडं, आणि मुठीत पुडी! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लेकाच्या आधी गोळी आपण खाऊन बघायची, विष असेल तर आपल्याला बाधेल, एवढाच त्यांचा विचार. मी गदागदा हलवलं. "हं" म्हणाल्या, कुशीवर वळल्या आणि घोरायला लागल्या. जीव भांड्यात पडला माझा.

आत गेले. हे गाढ झोपले होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि एकदम त्या डॉक्टरचा प्रश्न आठवला. अगं बाई! उठवतो की. आम्हीच उठवतो, रोज उठवतो. मी दिवा लावला आणि पावलांचा आवाज न करता चुलीपाशी जाऊन बसले. अंधार चांगला दाटल्यावर हे आपले आपण उठले. चेहरा असा टवटवीत, की मला वाटलं लग्नातलाच माणूस परत आला.

"आज आईनं हाक नाही मारली?" म्हणाले.

तेवढ्यात ओसरीवर आत्याबाई जाग्या झाल्या. बाहेरचा अंधार बघून त्यांनी अशी किंकाळी फोडली! धडपडत आत आल्या. दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांचे गाल चाचपले, छातीवर दोन्ही हात दाबले आणि तिथंच मटकन बसून रडायला लागल्या.

"तुजा बा असाच पडला हुता रं, दिव्याच्या टायमाला. म्या म्हनलं, दमलाय, निजू द्यावं. ताट वाढून हाक मारली, तवा अंग गार. येळंला हाक मारली असती तर..."

हे ह्यांनाही माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हा हे रांगत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि रागही आला. इतकी वर्षं एकटीनं हे उरात घेऊन बसायचं? सांगायला काय झालं होतं?

पुढे गोळीला हात न लावताच हे कायम झाले, काट्यासमोर पुन्हा कधी मान कलली नाही. ह्यांनी डॉक्टरला भिडेखातर एवढंच सांगितलं, की आता झोप येते. तो खूश. त्यानं पुण्याला काय कळवलं असेल, देव जाणे. म्हणून आजही कुणी म्हणालं, गोळीनं गुण आला, की मी आधी विचारते, खाल्ली कुणी होती?

पण दुसऱ्या दिवशीची तिन्हीसांज राहिली सांगायची. हे आत झोपलेले. आत्याबाई काडेपेटी घेऊन दारात उभ्या.

"आत्याबाई, हाक नका मारू," मी म्हणाले.

"आन् बगनार कोन?"

"मी बघते. न उठवता."

त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग काडेपेटी माझ्या हातात दिली. मी ह्यांच्याजवळ बसले. पांघरूण वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. "चाललाय श्वास," मी हळूच सांगितलं आणि जाऊन दिवा लावला. वळून बघते तर आत्याबाई ह्यांच्यावर वाकून, माझं बोलणं खरं आहे का, ते बघत होत्या.