एक वॉटपेक्षा कमी

आमच्या ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. खणात टाचण्या साठतात तसे साठले.

त्या मंगळवारी मी आणि मल्लूअण्णा एका नव्या इन्व्हर्टरची फाईल भरत होतो. कंपनीच्या कागदावरचे आकडे सोलर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचे, हे आमचं बारा वर्षांचं काम. अण्णा पूर्वी सूतगिरणीत वायरमन होते. एकच रकाना उरला असताना ते टेंभुर्णीच्या साइटला निघाले. "लौकर येतो, ताई," म्हणाले. चार वाजता त्यांच्या मुलीचा फोन आला. वाटेतच हार्ट अटॅक. अण्णा गेले.

*

अण्णांचा नियम होता: एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करताना तेच मोठ्यानं म्हणायचं. नियम माझ्यामुळेच आला. एका परदेशी कागदावर कमाल व्होल्टेज '1.100' छापलं होतं. तिकडे हजारानंतर टिंब देतात. मी एक पॉइंट एक टाइप केलं आणि स्क्रीनभर लाल सूचना!

अण्णांनी चष्मा पुसला. "ताई, एका व्होल्टात भिंतीवरलं घड्याळ बी चालत न्हाय. हितं गिरणी चालवायचीय."

*

मोडनिंबच्या डाळमिलचे मालक अडून बसले. कागदावर कमाल अकराशे व्होल्ट आहे, मग पॅनेल वाढवून अकराशेलाच लावा.

अण्णा म्हणाले, "पैजंवर माणूस अकरा भाकरी खातो. म्हणून रोज अकरा वाढता व्हय?"

मालकांनी ऐकलं, वर जेवायलाही थांबवून घेतलं. अण्णांनी चौथी भाकरी घेतली तेव्हा मालक हळूच म्हणाले, "अण्णा, तुमचं कमाल किती?"

*

सॉफ्टवेअर साइटचं किमान तापमान विचारतं. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज चढतं, म्हणून. मी वीस अंश भरलं. सोलापुरात कसली आलीय थंडी! जानेवारीत अण्णांनी मला पहाटे वळसंगच्या शेतात नेलं आणि थर्मामीटर हातात दिला. नऊ अंश. माझे दात वाजत होते.

"आता वीस म्हणा की," अण्णा म्हणाले, आणि गळ्यातला मफलर काढून दिला.

*

त्या मंगळवारी उरलेला रकाना असा होता: ऊन नसताना, रात्री, इन्व्हर्टर स्वतः किती वीज खातो? कागदावर नुसतंच 'एक वॉटपेक्षा कमी'. मी म्हटलं, एक लिहून मोकळं होऊ.

"'पेक्षा कमी' हा काय आकडा हाय व्हय, ताई? 'लौकर येतो' म्हटल्यावर कुणी घड्याळातली येळ लिवून ठेवतं का?"

त्यांनी कंपनीला मेल पाठवला आणि चप्पल घालून निघाले.

दहा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, अण्णांच्याच नावे. शून्य पॉइंट सहा.

वाचायला कोणी नाही. तो रकाना मी अजून भरलेला नाही.