फाटकाबाहेरची पंगत

गिरणीत होतो तेव्हा कापड विणायच्या साच्यांखाली कापसाचा भुगा साचायचा. आज झाडा, उद्या पुन्हा तेवढाच. आमच्या मंडळींचे किस्से तसेच. गिरणी बंद पडली, भुगा थांबला, पण किस्से साचतच राहिले. कारण आम्ही रोज सकाळी बंद फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचो. घरी बसून बायकोच्या नजरेला पडण्यापेक्षा ते बरं.

फाटकाला कुलूप, चिमणीला धूर नाही, साचेखात्याच्या छपरावर पिंपळ उगवलेला. इंदूरच्या थंडीत धुकं पडलं की वाटायचं, आपण इथे कधी कामाला नव्हतोच. कुणीतरी सांगितलेली गोष्ट आहे ही, आणि आपण टपरीवर बसून ऐकतोय.

*

खेळ सुरू केला प्रभाकरजींनी. हे टाइम ऑफिसात क्लार्क होते. नोकरी गेली तरी शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. एके सकाळी चहा फुंकत म्हणाले, "काल रात्री स्वप्नात मी सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो. गरम जलेबी खाल्ली."

"आणि पोहे?" मी विचारलं.

"पोहे संपले होते."

"अहो, स्वप्नात कसे संपतील?"

"मी उशिरा पोचलो ना," प्रभाकरजी म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता.

त्या दिवसापासून रिवाजच पडला. जो येईल त्याला विचारायचं, "बोल भिया, काल काय जेवलास?" नियम एकच, अर्धवट सांगायचं नाही. पानावर बसवलंत तर ढेकर येईपर्यंत वाढा.

*

माझं नशीब फुटकं. माझ्या स्वप्नात साचा चालायचा, धागा तुटायचा आणि मी तो जोडत बसायचो. जेवण म्हणून कधी पडलं नाही.

एकदाच पडलं. मी कंट्रोलच्या दुकानासमोर रेशनच्या लाइनीत उभा आहे, समोर साखरेची पोती, नंबर आला की आज शिरा नक्की. लाइन सरकतेय, सरकतेय, आणि शेठने माझ्या नाकासमोर शटर ओढलं.

मंडळी खवळली. "स्वप्नातही आम्हाला उपाशी ठेवलंस?" मला दोन दिवस बोलू दिलं नाही.

*

पण या विद्येत खरा उस्ताद एकच, गंगाधर. माझ्याच खात्यातला, माझ्या शेजारच्या साच्यावरचा. आजोबा महूला फौजेत होते, म्हणून हा बसायचाही ताठ. घरी बायको सुमन आणि मुलगी सुजाता. सुमनवहिनी मल्हारगंजात पापड लाटायला जायच्या, त्यावर घर चालायचं.

गंगाधरला रोज जेवण पडायचं. रोज! आणि काय जेवण! गौतमपुऱ्याला कुणाचं तरी लग्न, शेतात पंगत, गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे बाफले, फोडले की आत वाफ, त्यावर तुपाची धार. "बस म्हणायचं नाही, वाढणारा ऐकतच नाही," हा डोळे मिटून सांगायचा. टपरीवाला उकळता चहा तसाच सोडून ऐकायचा. एकदा चहा उतू गेला, तेव्हा म्हणाला, "जाऊ दे यार, पहले बाफले होने दो."

माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू. बायकोला म्हटलं, बघ गंगाधरला कशी स्वप्नं पडतात. ती म्हणाली, "त्यांच्यासारखं जेवणाच्या वेळेला फिरायला जात जा, मग पडतील." गंगाधर रोज रात्री ताटं मांडायच्या वेळी जुन्या इंदूरपर्यंत चालून यायचा, हे खरं. मला वाटलं, फौजी घराण्याची सवय.

*

सुजाताला पोलिसात जायचं होतं. पणजोबांची वर्दी ट्रंकेत होती, तिला आपली स्वतःची हवी होती. पोरगी हरणासारखी पळायची, पण अंगावर मांस नाही. भरतीला वजन बघतात. म्हणून आम्ही तिला कंट्रोलच्या शेठकडे नेलं आणि गव्हाच्या काट्यावर उभं केलं. वजन पुरून उरलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

भरतीत तिथल्या काट्याने तिला कमी दाखवलं. पोरगी रडत परत आली.

प्रभाकरजी तडक शेठकडे गेले, मागे आम्ही. आवाज न चढवता म्हणाले, "शेठजी, भरतीवाले म्हणतात मुलगी हलकी आहे. तुमचा काटा म्हणतो, भारी आहे. सरकारला विचारू का, खरं कोण बोलतंय?"

शेठने मान खाली घालून काट्यावरची धूळ पुसली. पुढच्या महिन्यापासून सगळ्या मोहल्ल्याच्या पिशवीत गहू थोडा जास्त येऊ लागला. कारण कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

*

पुढच्या भरतीला वेळ होता. सुजाता रोज पहाटे फाटकासमोरून पळत जायची, आणि आम्ही मुठीत काही ना काही घेऊन उभे असायचो. कुणी शेंगदाणे-गूळ, कुणी केळं. टपरीवाला ग्लासभर दूध बाजूला ठेवायचा.

एक दिवस प्रभाकरजी धुक्यातून आले ते हात लांब धरून. रुमालात काहीतरी. उघडून बघतो तर उकडलेलं अंडं. या माणसाच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात चालत नव्हता.

"प्रभाकरजी, तुम्ही आणि अंडं?"

"मी खात नाही," ते म्हणाले. "फक्त धरतो."

गंगाधर बाजूला उभा राहून सगळं बघायचा. म्हणायचा, "घरचंही खाते हां ती. दोन माणसांचं खाते." आम्ही हसायचो. मग चहा यायचा आणि तो रात्रीची पंगत सांगायला घ्यायचा. त्या दिवसांत त्याची जेवणं फार मोठी होत गेली. श्रीखंड काय, मटण काय, वाढपी थकून जायचे.

*

सुजाता पास झाली. यावेळी भरतीच्या काट्यावर.

ट्रेनिंगला निघाली त्या सकाळी ती टपरीवर आली आणि सगळ्यांच्या पाया पडली. प्रभाकरजींनी विचारलं, "तिथे जेवणाचं काय, बेटा?"

"मेस आहे काका. दोन्ही वेळ, पोटभर."

प्रभाकरजींनी चष्मा पुसला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तिचा टेम्पो निघाला, तसा गंगाधर त्याच्यामागे चार पावलं चालला.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला. आम्ही त्याची बाकावरची जागा धरून ठेवली होती. एवढा आनंद झालेला, आज तर छप्पन्न भोग असणार. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"बोल भिया," मी म्हटलं, "काल काय जेवलास?"

गंगाधरने डोळे मिटले, उघडले, आणि जरा ओशाळून हसला.

"काल काही पडलंच नाही रे," तो म्हणाला. "सुमनने दोन ताटं वाढली. जेवलो, आणि पडल्या पडल्या झोप लागली."