चाकामागचा दगड

माझी शेवटची पोस्टिंग लडाखमध्ये, एका रिकव्हरी सेक्शनला होती. रिकव्हरी म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या, घसरलेल्या लष्करी गाड्या ओढून वर्कशॉपला आणायच्या. बंदूक हातात फारशी यायची नाही. हातात असायची साखळी, गाडी जोडून ओढायचा लोखंडी टो-बार आणि ग्रीस. गावात मला सगळे मेजर म्हणतात. हुद्दा हवालदार होता. आमच्या पलूसकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. दुरुस्त करायला गेलं तर लोक चहा पाजतात आणि पुन्हा मेजरच म्हणतात, म्हणून मी तो नाद सोडला.

सेक्शनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. दुसरा नाईक बिरू, जत तालुक्यातला. घरी मेंढरं आणि पावसावरची ज्वारी. ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा, बरॅकमध्ये दादा. माझ्याशी मराठी बोलायचा, पण इंजिनाशी मात्र कन्नडमध्ये. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "दादा, मेंढरास्नी आन् इंजनाला मराठी कळत न्हाई." थंडीत इंजिन चालू झालं नाही की आम्ही सगळे शिव्या घालायचो आणि बिरू बॉनेटवर हात ठेवून दोन शब्द पुटपुटायचा. इंजिन चालू व्हायचं. त्यात कन्नडचा किती हात होता ते माहीत नाही.

रोजचा क्रम ठरलेला. पाचला उठायचं. साडेपाचला इंजिन गरम करायचं. तेल, एअर प्रेशर, टायर, टो-बारच्या पिना तपासायच्या. साडेसहाला रेडिओ चेक. आमच्या गाडीच्या दाराजवळ एक पितळी पट्टी होती. त्यावर किती वजन ओढायचं ते कोरलेलं होतं: दहा टन, तेही सपाटीला. चढावर त्याहून कमी धरायचं. बिरू ती पट्टी रोज फडक्याने पुसायचा. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं होतं, कारण दोन-तीन वेळा बाराच्या वर ओढून आणलं होतं आणि सगळ्यांनी पाठ थोपटली होती.

खरं सांगायचं तर ही खोड घरची. आमच्याकडे उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात आणि दोन्ही डोक्याच्या वर भरतात. ट्रॅक्टर बनवणाऱ्याने काय सांगितलंय ते कुणी विचारत नाही. चढ आला की एक माणूस मोठा दगड घेऊन मागच्या ट्रॉलीच्या चाकाजवळून चालतो. ट्रॅक्टरचा दम सुटला आणि गाडी मागे यायला लागली की तो दगड चाकामागे टाकतो. गाडी थांबते, ड्रायव्हर पुन्हा जोर लावतो. दगडवाल्याला कुणी हाक मारत नाही. त्याने आपणहून ओळखायचं असतं. तरणा असताना मी कालव्याच्या चढावर कितीतरी गाड्यांना असा दगड लावलाय.

एका वर्षी आम्हा दोघांना एकदम रजा मिळाली. कराडला उतरलो. बिरू म्हणाला, एक दिवस तुमचं गाव बघतो आणि उद्या जतची एसटी धरतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला कालव्यावर नेला. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर नाक वर करून चढत होता. दगडवाला बाजूने चालत होता. बिरू बघतच राहिला. त्यांच्याकडे ऊस नाही, त्यामुळे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"दादा, मला शिकवा की हे."

मी शिकवलं. चाकाच्या मागून यायचं नाही, बाजूने यायचं. दगड टाकला की हात लगेच काढायचा. सगळ्यात महत्त्वाचं, कुणाच्या हुकमाची वाट बघायची नाही.

"गाडीचा आवाज बसला की उडी टाकायची गड्या. विचारत बसलास तर गाडी खाली."

तो दिवसभर दगड घेऊन चालला. त्याची एसटी गेली. संध्याकाळी माझ्या आईने त्याच्या हातावरचे फोड बघून मला झापलं. तो हसत भाकरी खात होता. मला तो दिवस फार आवडतो आणि त्याचाच फार त्रास होतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी सव्वानऊला रेडिओवर निरोप आला. खिंडीच्या खाली मालाने भरलेला ट्रक बंद पडलाय, मागे कॉन्व्हॉय अडकलाय. खिंडीचा गेट दोनला बंद होणार. आम्ही दहा वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. इंजिन गेलेलं. कागदावर वजन आमच्या मापात बसत होतं. पण आदल्या दिवशी दुसऱ्या एका बंद गाडीतला मालही त्याच ट्रकमध्ये टाकला होता, आणि तो कागदावर चढला नव्हता. बिरूने मागे चढून ताडपत्री उचलली आणि खाली आला.

"उस्ताद, वजन लय हाय. पंधराच्या खाली न्हाई."

माल उतरवायला तीन तास लागले असते. मग गेट बंद, कॉन्व्हॉय रात्रभर थंडीत. हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं हे की, आजवर मी कधी 'जमणार नाही' म्हटलं नव्हतं आणि त्या दिवशीही म्हणायचं नव्हतं. तेवढ्यात रेडिओवर सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"लोड कितना है? ओव्हर."

"लोड ठीक है साहब. ओव्हर."

"पक्का? ओव्हर."

"पक्का साहब. ओव्हर."

बिरू माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "चढंल रं. कालव्याचा चढ आठव." तो हसला. टो-बार लावला, दोन्ही पिना स्वतः तपासल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मी स्टिअरिंगवर. मागच्या ट्रकमध्ये त्याचा ड्रायव्हर दिशा सांभाळायला. इंजिन बंद म्हणून त्या ट्रकला ब्रेक नव्हते. सगळं वजन आमच्याच गाडीवर.

पहिलं वळण चढलो. दुसऱ्या वळणावर सावलीत बर्फ होता. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. इंजिनाचा आवाज बसला. मी गिअर बदलत होतो तेवढ्यात शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. मी हुकूम दिला नव्हता. तो हुकूम मी वर्षभरापूर्वी कालव्यावर देऊन ठेवला होता.

आम्ही मागे सरकलो. मग धक्का बसला आणि गाडी थांबली. आरशात बिरू दिसला. मागच्या ट्रकच्या चाकाला दगड बरोबर लागला होता. त्याने हात वर केला. मी जोर लावला, चाकं पुन्हा फिरली आणि गाडी पुन्हा मागे आली. बर्फावरून दगड निसटला. पण त्याला अडून ट्रकचं मागचं अंग डोंगराच्या बाजूला वळलं. बिरू दुसरा दगड घेऊन त्याच बाजूला होता. त्याला मधे घेऊन ट्रक डोंगराला टेकला आणि थांबला. दुसऱ्या बाजूला दरी होती, तिकडे गेला नाही. वेळ अकरा चाळीस.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम? ओव्हर."

"नाईक बिरू. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

मी बटण दाबून धरलं. मग माइक खाली टाकला आणि मागे पळालो.

चौकशी झाली. मला विचारलं, तुम्ही त्याला खाली उतरायला सांगितलं का? मी नाही म्हणालो. ते खरं होतं. वजन कागदाप्रमाणे होतं का? मी हो म्हणालो. मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरला वजनाचं कुणी विचारलं नाही. निष्कर्ष असा निघाला की टोइंग चालू असताना नाईक बिरू नियमाविरुद्ध, हुकमाशिवाय गाडीमागे गेला. मी सही केली.

त्याला पेटीतून घरी पोहोचवायला मीच गेलो. त्याचे वडील आण्णा दारात उभे होते. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं. रडले नाहीत. सगळं झाल्यावर मला बाजूला घेऊन एकच विचारलं.

"चूक कुनाची?"

मी म्हणालो, "हुकूम नसताना उतरला, असं कागदात हाय."

आण्णांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग म्हणाले, "पोरगं हुकमाभायेर कदी जात नव्हतं." आणि मेंढरांकडे निघून गेले.

त्यानंतर दरवर्षी मी जतला गेलो. चहा घ्यायचो, तासभर बसायचो, निघायचो. त्यांच्या गावच्या शाळेत सव्वीस जानेवारीला झेंड्यासाठी आण्णांना बोलावणं यायचं. ते कधी गेले नाहीत. "नियम मोडून मेलेल्याचा बाप फुडं कसा हुबा ऱ्हानार," असं म्हणायचे. हे माझ्यासमोर म्हणायचे, आणि मी चहा पीत राहायचो. माझ्याइतका भित्रा माणूस फौजेत दुसरा नसेल.

आता मी निवृत्त आहे. आई गेली. बायको पुण्याला मुलाकडे, नातवाला सांभाळते. घरात मी एकटा. सवयीने पाचला उठतो आणि मग दिवसभर काही काम नसतं. बोलायला माणसं आहेत, पण ज्याच्याशी बोलावं असं वाटतं तो नाही. हंगामात कालव्याच्या चढावर जाऊन बसतो. अजूनही दोन ट्रॉल्या आणि अजूनही दगड.

यंदा शेजारचा संभा ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, "आवं मेजर, ह्या खेपंला जरा जास्तच भरलंय. चढंल न्हवं?"

"एक ट्रॉली सोड. दोन खेपा कर."

"तुमी मिल्ट्रीत ह्याच्या दुप्पट वडलंय म्हनं!"

"व्हय. वडलंय."

"मग?"

 मी उठून ट्रॉलीची पिन काढली. तो ओरडत राहिला, पण त्याने एकच ट्रॉली नेली. मी घरी आलो, पिशवी घेतली आणि जतची एसटी धरली.

आण्णा अंगणात लोकर निवडत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. वजन किती होतं, मी रेडिओवर काय बोललो, दगड लावायला कुणी शिकवलं, हुकमाची वाट बघू नको असं कुणी सांगितलं. आण्णांचे हात थांबले.

"म्हंजी त्यो चुकला न्हवता?"

"न्हाई आण्णा. चुकलो मी. त्यानं दगड लावला म्हनून मी आन् मागला डायवर वाचलो."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि वही-पेन घेऊन आले.

"लिव. नाव, हुद्दा, नंबर, समदं. सही कर. फौजंला बी धाड, आन् एक मला दे."

मी दोन प्रती लिहिल्या.  त्यांनी कागदाची घडी घालून फेट्यात ठेवली. चहा विचारला नाही. मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, "सव्वीस जानेवारीला शाळंपाशी ये. आत येऊ नगंस. भायेर हुबा ऱ्हा आन् ऐक."

फौजेची प्रत मी दुसऱ्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवली. सव्वीसला सकाळी साडेसातला शाळेच्या कुंपणाबाहेर पोहोचलो. गणवेशाचा कोट घातला नव्हता, साधा सदरा होता. आण्णा पहिल्या रांगेत होते. स्वच्छ फेटा, हातात बिरूचा फोटो. झेंडा चढला. राष्ट्रगीत झालं. मग आण्णांनी फेट्यातला कागद काढून हेडमास्तरांच्या हातात दिला.

माइकवरून माझं नाव आलं, माझा नंबर आला. वजन, रेडिओ, दगड, माझी सही, सगळं एकेक ओळ. गावातली माणसं मागे वळून कुंपणाकडे बघायला लागली. मी सावधानमध्ये उभा होतो. शेवटची ओळ हेडमास्तरांनी दोनदा वाचली, कारण आण्णांनी हाताने खूण केली, पुन्हा.

"नाईक बिरू याची चूक नव्हती."

आण्णा मागे वळले नाहीत. त्यांनी फोटो छातीपर्यंत वर उचलला, सगळ्यांना दिसेल असा. मी कुंपणाबाहेरूनच सलाम ठोकला आणि फोटो खाली येईपर्यंत हात खाली घेतला नाही.