पूर्वेचा समुद्र

भाजल्या जाणाऱ्या डाळींचा खमंग वास सहाव्या मजल्यावरून उतरत उतरत थेट सायकली लावायच्या जागेपर्यंत पोचला होता, आणि त्याचा माग काढत जिना चढताना मला उमगलं की आईंनी आज मेतकुटाला हात घातला आहे. जपानमधल्या नागोयातला जुलै ऐन भरात होता. हवा दमट आणि जड, आणि रस्त्याकडेच्या झाडांवर आपल्या रातकिड्यांचे भाऊबंद भर दुपारी कंठ फुटेस्तोवर ओरडत होते. दार उघडलं तर सारं घर धन्याच्या आणि हिंगाच्या धुरकट पिवळ्या उजेडात न्हालेलं. कढईपाशी पदर खोचून उभ्या असलेल्या आई मागे न वळता म्हणाल्या, "खिडकी उघड गं, शेजारची बाई घाबरेल." मला एवढा आनंद झाला की हातातल्या पिशव्या तशाच घेऊन मी दारात उभी राहिले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. अण्णांना, माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्ष झालं, वर्षश्राद्ध उरकलं, आणि गुहागरच्या घराला कुलूप लावून श्रीधरनं त्यांना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आणलं. आल्यापासून त्या गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिल्या होत्या. समोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या, त्यांत वाळत घातलेल्या गाद्या आणि त्यांच्या डोक्यावर आकाशाची एक चतकोर पट्टी. रुसवा नाही, तक्रार नाही; काही विचारलं तर उत्तर मिळे, जेवायला हाक मारली तर येत. पण एखाद्या घरात माणूस असून दिवा लावलेला नसावा, तसं काहीतरी त्यांच्याकडे बघून वाटायचं. ऑगस्ट सरला की त्या परतणार आणि त्या कुलपाच्या घरात एकट्या राहणार, या विचारानं भर दुपारी माझ्या हातातलं काम थांबे.

त्यांच्या या मौनाला पहिली फट पाडली ती एका गाडीनं. श्रीधरच्या कारखान्यातल्या इतो-सानांकडे, म्हणजे इतोसाहेबांकडे, एक कॅम्पिंग कार होती. छोट्या मालमोटारीच्या पाठीवर खोली बसवावी तशी पांढरी गाडी. आत निजायला फळ्या, पाण्याची टाकी, बशीएवढं बेसिन आणि दोन शेगड्या. 'ओबोनच्या सुट्टीत घेऊन जा,' असं त्यांनी आपणहून सांगितलं. ओबोन म्हणजे इथले पितर घरी येण्याचे दिवस, कारखाने तेव्हा बंद असतात, हे कळल्यावर आई म्हणाल्या, "इथले पितर सुट्टी बघून येतात होय!" चातुर्मासात त्यांचा नेम असा, की घरच्यांच्या हातचं शिजवलेलंच खायचं. त्यामुळे हॉटेल, उपाहारगृह, दुसऱ्याकडचा पाहुणचार, सगळ्यांना फुली. पण स्वयंपाकघरच चाकांवर चालणार असेल, तर नेम मोडण्याचा प्रश्न येतोच कुठे? श्रीधरनं हा मुद्दा मांडला तो एखाद्या निष्णात वकिलासारखा, आणि मग जपून, आवाज उतरवून पुढचं बोलला. "आई, इसे-शिमाचं राष्ट्रीय उद्यान इथून जवळ आहे. सगळा समुद्रकिनारा. तिथं समुद्रातून उगवणारा सूर्य दिसतो."

आईंनी मान वर केली. या वाक्यात काय होतं, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कोकणात जन्म गेलेल्या माणसानं सूर्य समुद्रात बुडताना हजारो वेळा पाहिलेला असतो. पण उगवतो तो मात्र नेहमी डोंगरामागून, माडांच्या आडून, चांगला वर आल्यावर. अण्णा शाळामास्तर होते. कधीकाळी एका शिक्षक परिषदेला ते एकटेच मद्रासला गेले आणि तिथं त्यांनी तो पाण्यातून वर येताना पाहिला. परत आल्यावर 'तुला दाखवीन' असं त्यांनी आईंना कबूल केलं. मग मुलांची शिक्षणं झाली, माझ्या नणंदेचं लग्न झालं, अण्णांचे गुडघे गेले आणि ते दाखवणं पुढच्या वर्षावर जात जात राहूनच गेलं. श्रीधरला हे लहानपणापासून पाठ होतं. बापाचं राहिलेलं पुरं करायचं, एवढी एकच गोष्ट त्या उन्हाळ्यात त्याच्या मनात होती, आणि माझ्याही.

त्यानंतरचे रविवार म्हणजे आमच्या घरातला लहानसा सणच. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. त्याचा एक कोपरा मिठाच्या बरणीखाली, दुसरा आमच्या मुक्ताच्या कोपराखाली. मुक्ता दुसरीत, आपण मराठीत विचारावं आणि तिनं जपानीत उत्तर द्यावं, असा आमचा व्यवहार. इतो-सानांची गाडी बघायला गेलो तेव्हा आईंनी आत शिरून नळ सोडून पाहिले, फळी दाबून पाहिली, आणि शेगडीजवळ नाक नेऊन मला हळूच म्हणाल्या, "मासे झालेत हो यावर." मी खजील, बाहेर इतो-सान हसतमुखानं कमरेत वाकलेले. ते हौशी मासेमार, त्यात त्यांचा काय दोष! पण दुसऱ्या दिवशी आई लिंबं आणि बेसन घेऊन निघाल्या, आणि त्यांनी ती शेगडी अशी घासली, की नवी असतानाही ती इतकी चकाकली नसेल. मग मेतकूट, मग उडदाच्या डांगराचं पीठ, मग तिळाची चटणी. पितरांच्या सुट्टीसाठी आमच्या घरात लग्नघरासारखी धांदल उडाली. खुर्ची गॅलरीत रिकामी राहू लागली.

मुक्कामाची जागा श्रीधरनं एका मार्गदर्शक पुस्तकातून निवडली. आगो खाडीच्या काठी गाड्या उभ्या करायची सोय होती आणि पानभर रंगीत छायाचित्र होतं: शांत पाणी, काळ्या टेकड्या, मोत्यांच्या शेतीचे तराफे आणि क्षितिजावर टेकलेला लालबुंद सूर्य. "असा दिसेल, आई," तो म्हणाला. आईंनी चष्मा लावला, पुस्तक हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो." त्या दिवशी त्यांनी चटणी कुटायला घेतली नाही.

संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. हातातल्या टॉवेलची घडी घालत म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. त्या चित्रातला सूर्य मावळतोय."

मी आत जाऊन नकाशा पाहिला. मी पडले पुण्याची. माझ्या दिशा पर्वतीपासून सुरू होतात आणि पर्वतीपाशीच संपतात. तरी मलाही दिसलं, की श्रीधरनं लाल पेन्सिलीनं केलेला गोल जमिनीच्या डाव्या अंगाला होता, आणि खाडीचं तोंड सरळ पश्चिमेला. कारखान्यात केसाएवढी चूक पकडणारा माझा नवरा, उगवतीच्या शोधात निघाला आणि मावळतीला जाऊन बसला! बाहेर येऊन मी तसं म्हटलं, तर आई हसल्या. नुसतं ओठ विलगून नव्हे. त्यांचे खांदे हलले, डोळ्यांना पाणी आलं. त्यांचं हसणं मी विसरले होते.

"बापावर गेलाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पश्चिम म्हणतं कोण? समुद्राकडे म्हणायचं. समुद्र म्हटला की यांचे पाय तिकडेच वळणार. हे मद्रासला पहाटे फिरायला निघाले. परतताना उत्तरेला जायचं, म्हणून घरच्यासारखा समुद्र डाव्या हाताला ठेवला, आणि चालत गेले दक्षिणेला. वाट चुकून कोळ्यांच्या होड्यांत उभे राहिले, तेव्हा तो उगवला. चुकले म्हणून दिसला बघ त्यांना."

समोरच्या गॅलरीत एक बाई गादी झोडपत होती. त्याचे आवाज दोन इमारतींमध्ये घुमत राहिले.

"त्यांनी एकट्यानं पाहिला, ते त्यांना आयुष्यभर लागून राहिलं," आई म्हणाल्या. "आता मी एकटीनं पाहू? चित्र बघितलं आणि खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं मला. मावळताना आम्ही रोज बघायचो. तेवढं मला जमेल."

आम्ही तिघं बरोबर असणार होतो, तरी त्या 'एकटी' म्हणाल्या, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या शब्दात आम्हाला जागा नव्हती, कुणालाच नव्हती.

सांगू नको म्हटलेली गोष्ट मी श्रीधरला सांगितली. नवऱ्याची एवढी सुरेख चूक पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. त्यानं कपाळावर हात मारला, हसला, आणि मग बराच वेळ त्या लाल गोलाकडे बघत बसला. जागा बदलायला फोन केले, पण सुट्टीतले पूर्वेकडचे सारे तळ भरलेले. शेवटी त्यानं पेन्सिल घेऊन खाडीपासून पलीकडच्या दीपगृहाच्या किनाऱ्यापर्यंत एक बारीक रेघ ओढली. जमीन तिथं अरुंद आहे. अंधारात निघालं तर उजाडायच्या आत पोचता येईल. नकाशा तसाच उघडा ठेवून तो म्हणाला, "आई, संध्याकाळी इकडे, आणि पहाटे तुला वाटलं तर तिकडे. नाही वाटलं तर नाही." आईंनी बोट त्या रेघेवरून सावकाश पलीकडे नेलं. "बघू," एवढंच म्हणाल्या. मराठी घरात 'बघू'चा अर्थ बहुधा नकारच असतो, पण दुसऱ्या दिवशी खलबत्त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी गाडीत डबे लावत होतो. खाली रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. गाडीत लिंबाचा, मेतकुटाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा मिळून एक नवाच वास दाटला होता. श्रीधर बाहेर टाकीत पाणी भरत होता, मुक्ताला काहीतरी सांगत होता. आई डबा हातात धरून ऐकत राहिल्या.

"पहाटे मला उठव," त्या म्हणाल्या. "जाऊ पलीकडे. पोरगा बापाचं राहिलेलं दाखवतोय, तर बघते. पण हाक तू मार हं. श्रीला नको मारू देऊस."

मी डब्याचं झाकण लावता लावता वर पाहिलं.

"अंधारात त्याचा आवाज आला, की मला ह्यांचाच वाटतो. मग डोळे उघडल्यावर..." त्यांनी डबा फळीवर ठेवला आणि तो पडू नये म्हणून बाजूला एक पंचा खोचला.

मी मानेनंच हो म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात आईंना मी कधी उठवलं नव्हतं. त्यांच्या आधी जाग येणं हे कुठल्या सुनेला साधलंय! काय म्हणायचं असतं अशा वेळी, खांद्याला हात लावायचा की नुसती हाक मारायची, मला ठाऊक नव्हतं. त्या पुढचा डबा घ्यायला खाली वाकल्या, तेव्हा त्यांच्या पाठीमागे उभी राहून, त्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात मी म्हणून पाहिलं, "आई, उठा. उजाडतंय."