मारक्या गाईची कालवड

गाई भरवणं हा माझा धंदा. वळूचं वीर्य गोठवून ठेवलेला नायट्रोजनचा डबा मोटारसायकलला अडकवून श्रीरामपूरच्या आसपासचे गोठे फिरतो. जनावरांचा डॉक्टर नाही मी, तरी लोक डॉक्टरच म्हणतात. गाय माजावर आली की फोन येतो, आणि गेल्या गेल्या पहिला प्रश्न वळूच्या घराण्याचा. त्याची आई दूध किती द्यायची, त्याच्या कालवडी शांत निघतात का? खाण तशी माती, हे या लोकांना शिकवावं लागत नाही.

ते अगदीच खोटं नाही. तापट वळूच्या कालवडी बऱ्याचदा तापटच निघतात, लाथा मी खाल्ल्यात. पण एकाच वळूच्या दोघी एकाच गावात पाहिल्यात. जिला धारेच्या वेळी काठी बसायची, ती माणूस दिसला की शिंगं रोखायची. दुसरीच्या पोटाखालून घरातली पोरं रांगत जायची. हे सांगितलं की लोक माना डोलावतात. गोष्ट माणसांची निघाली की मात्र डोलावत नाहीत.

माझ्या वडिलांनी बांधाच्या भांडणात त्यांच्या चुलतभावाच्या डोक्यात फावडं घातलं, तो जागीच गेला. मी तेव्हा शाळेत होतो. ते तुरुंगातच वारले. घरात माझा आवाज जरा चढला तरी आई दचकायची, म्हणून मी चढ्या आवाजात बोलणंच सोडलं. पुढे लग्नाचं बघायला लागलो, तर मुलीकडचे चहा पिऊन जायचे आणि निरोप यायचाच नाही. एका बापाने तोंडावर सांगितलं, "डॉक्टर, मानूस तुमी लई चांगले. पन रगात हाय, कवा उसळंल सांगता येतं व्हय?" याच गड्याने माझ्या शब्दावर मारक्या गाईची कालवड ठेवून घेतली होती, आणि ती गरीब निघाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गाडीला किक मारून निघून आलो.

आता आईही नाही. संध्याकाळी कुलूप काढतो तेव्हा "आलास का" म्हणणारं आत कुणी नसतं. त्याची सवय होत नाही.

यंदा मावशीने स्थळ आणलं. बाई शिर्डीत हारफुलांचं दुकान सांभाळते, नवऱ्यापासून सुटलेली. वडिलांचं मी आधीच सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझा नवरा लई मोठ्या घराण्यातला हुता. त्यांच्यात पोलीस ठान्याची पायरी कुनी चढलं न्हाई. तरी रोज मारायचा. रगताचं ऱ्हाऊ द्या. घरातल्या मानसाचा राग आला की तुमी काय करता, तेवढं सांगा."

आईपुढे राग कधी निघू दिला नव्हता, आणि तिच्यानंतर घरात कुणी नव्हतंच. "ठाऊक नाही," मी म्हणालो.

चार दिवसांनी मावशीचा फोन आला. तिकडून होकार होता, खरं बोलणारा माणूस म्हणून. माझे डोळे भरून आले.

मी नको म्हणून सांगितलं. मला माझीच भीती वाटली.