एका कपाची कॉइल

अण्णांच्या शेगडीची कॉइल जळली म्हणून मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. अण्णा म्हणजे माझे वडील. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पाचशे वॉटची देऊ की हजारची? शेगडीवर काय करता?"

"नुसता चहा. एका माणसाचा."

"एकटेच राहता का?"

"मी नाही, वडील... म्हणजे, आम्ही सगळे एकाच घरात आहोत. ते वरच्या खोलीत असतात."

बाईंनी पाचशेची कॉइल काढून तिची दोन टोकं तपासायच्या दिव्याला लावली. दिवा लागला, आणि मला त्या उजेडात उभं राहवेना.

अण्णा पहाटेच उठतात. आमची झोपमोड नको, त्यांनाही चहासाठी ताटकळायला नको, म्हणून ती शेगडी मीच वर नेऊन ठेवली. त्यांची सोय केली, असं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतो. सोय हा फार सभ्य शब्द आहे. घरातल्या माणसाला जरा लांब ठेवायचं असलं की आपण त्याची सोय करतो.

"हजारची द्या," मी म्हणालो. "दोन कपांची."

घरी येऊन मी सरळ वर गेलो, शेगडीच्या खाचेत कॉइल बसवली आणि पातेल्यात दोन कप पाणी ओतलं. अण्णा कॉटवरून बघत होते. पाणी पाहून ते लगबगीने उठले, खुंटीवरचा सदरा अंगात चढवला आणि म्हणाले, "कोण येणार आहे रे?"